भिंतीकडे तोंड करून

१

गिटार मांडीवर घेण्याआधी बिभीषण नखं बघायचा. डाव्या हाताची नखं वाढली की बोटाचं टोक तारेवर नीट टेकत नाही, हे इसहाक सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि बिभीषणला सांगितलेलं पाळायची सवय होती. दूध शीतकरण केंद्रावर फॅट मोजण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. तिथे थेंबभर इकडचं तिकडे झालं की रीडिंग चुकतं आणि दूधवाला भांडायला उठतो. नखं झाली की बिनहाताची खुर्ची, पाठ सरळ, गिटार उजव्या मांडीवर, डावा अंगठा गिटारच्या मानेमागे. मग मोबाईलवर ठोक्याचं ॲप लावायचं, अगदी संथ. आणि तोंड भिंतीकडे.

भिंतीकडे तोंड हेही सरांचंच. "मोकळ्यात बसलात तर आवाज निघून जातो, चूक कळत नाही," ते म्हणाले होते. "भिंत लबाडी करत नाही. जे द्याल ते परत देते." इसहाक सर मूळचे श्रीरामपूरचे, शाळेतून निवृत्त झालेले, जन्मभर चर्चमध्ये गिटार वाजवत आलेले. आता सावेडीत मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. पन्नाशीला टेकलेला विद्यार्थी त्यांना हा एकच.

बिभीषणला गाण्याचा नाद होता असं कुणी म्हणू नये. दिवाळी उरकली आणि एका सकाळी दात घासताना त्याच्या डाव्या हातातला तांब्या गळून पडला. पॅरालिसिसचा झटका. तसा हलकाच, असं डॉक्टर म्हणाले, पण हलका दुसऱ्याला वाटतो. डावा पाय ओढत चालायची वेळ आली, डाव्या हातातली ताकद गेली, ओठ एका बाजूला उतरला. घाईत बोलायला गेलं की जीभ अडकायची. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं, बोटांना बारीक काम द्या. घरात मेव्हण्याने दिशाला वाढदिवसाला दिलेली गिटार होती. दिशाचा उत्साह आठवडाभरात ओसरला होता आणि गिटार कपाटावर धूळ खात पडली होती. तीच खाली आली.

दिशा नऊ वर्षांची. एकुलती. तिच्याबद्दल बिभीषणच्या मनात एकच दुःख होतं आणि ते पायाचं किंवा हाताचं नव्हतं. ते शिट्टीचं होतं.

२

बिभीषणचे वडील हिवरे बाजारच्या पुढच्या वस्तीवर राहायचे. बैलांना पाणी दाखवताना ते शिट्टी घालायचे. शिट्टी चालू असली की जनावर निवांत पितं. चार सुरांची शिट्टी होती ती, चौथा सूर जरा लांबवलेला. बिभीषणने तीच उचलली. संध्याकाळी केंद्रावरून आला की तो पार्किंगमध्ये मोटारसायकल लावायचा आणि वर बघून शिट्टी घालायचा. तिसऱ्या मजल्यावरून दिशा हातातलं टाकून धावत खाली यायची. मोनिकाला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे मुळीच आवडत नसे. पोरगी आहे का बैल, असं ती म्हणायची, पण हसून म्हणायची.

ओठ उतरल्यापासून शिट्टी गेली. वारा डाव्या बाजूने निसटायचा. मोनिका पतसंस्थेत आणि दिशा शाळेत गेली की तो न्हाणीत जाऊन, नळ सोडून, आरशासमोर प्रयत्न करायचा. घरात दुसरं कुणी नसताना नळ कशासाठी, हे त्याचं त्यालाच ठाऊक. नुसती फूऽ यायची.

म्हणून त्याने सरांना विचारलं, की चार सूर गिटारवर निघतील का. त्याला गुणगुणून दाखवता येईना, तेव्हा दिशानेच ते 'ला ला' करून दाखवले. सरांनी डोळे मिटून ऐकले आणि खालच्या दोन बारीक तारांवर सूर शोधून दिले. तिसरा सूर नेमका तिसऱ्या बोटाच्या वाट्याला आला, आणि डाव्या हातात सगळ्यात मेलेलं बोट तेच होतं. सर म्हणाले, आधी रोजचा धडा. गिटारच्या मानेवरच्या एका पट्टीवर एक बोट, पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, मग पुढची तार. जड वाटलं तर त्याचे तुकडे पाडायचे, दोन-दोन सूर घोटायचे, मग जोडायचे. चुकलं की पुढे रेटायचं नाही. थांबायचं, हात मांडीवर ठेवायचा, पुन्हा पहिल्यापासून.

"हाताला डोळे नसतात, बिभीषणराव," सर म्हणाले. "त्याच्यापुढे जे पुन्हा पुन्हा येतं ते तो शिकतो. चूक आली तर चूक शिकतो. म्हणून त्याच्यापुढे काय ठेवतो, ते आपण बघायचं."

दिशा शाळेतून आली की टेबलावर गृहपाठ करत बसायची आणि बाप भिंतीकडे तोंड करून वाजवायचा. तिसरं बोट टेकलं की तार चिरचिरायची. दिशा वहीतून मान न काढता म्हणायची, "तिसरा फाटला, पप्पा." तो थांबायचा, हात मांडीवर, पुन्हा पहिल्यापासून. त्या घरात महिनोन्महिने इतकं साधं सुख दुसरं नव्हतं.

शिट्टीचे सूर मात्र तो ती नसताना घोटायचा. एक दिवस रिक्षा गेटाशी येईल आणि तो गॅलरीतून ते चार सूर स्वच्छ वाजवेल. ती जिन्यावरून धावत येईल, आधी खाली यायची तशी आता वर. एवढाच त्याचा बेत होता. तोवर ते सूर ऐकायला घरात भिंत होती, दुसरं कुणी नव्हतं.

३

एका दुपारी पहिला सूर आला, दुसरा आला, तिसरा फाटला. बिभीषण थांबला. हात मांडीवर ठेवला. आणि चौथा सूर वाजला.

फार हळू वाजला. गिटारकडे बघितलं तर तारा स्थिर होत्या. तरी त्याने तळवा सगळ्या तारांवर दाबून धरला. तार मागाहून थरथरते, हे त्याला माहीत होतं. मग पुन्हा वाजवलं आणि मुद्दाम दुसऱ्याच सुरावर थांबला. भिंतीतून तिसरा आला, फाटलेला, आणि मग चौथा.

भिंतीपलीकडे शेजारचा फ्लॅट. मालक पुण्याला, घेऊन ठेवलेला, कधी राहायला आलेला नाही. कोयंड्याला कुलूप, आणि दारावर कुणा कुरिअरवाल्याने चिकटवलेली चिठ्ठी उन्हाने पांढरी पडलेली. जिना झाडायला येणाऱ्या झुंबरबाईंना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"त्या घराला मानूस लागलंच न्हाई, दादा," त्या म्हणाल्या. "मी जिना झाडते तवापासून कुलूपच हाय. पारवं शिरली आसतील."

पारवे असतील, असं त्याने मनाला सांगितलं. पारवे काही ठोक्यात वाजवत नाहीत, हे मन म्हणालं. मग त्याने सरांचं वाक्य आठवलं, जे द्याल ते परत देते. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, जरा उशिरा येतो. गावच्या विहिरीत ओरडलं की नाही का येत. इतकं पुरेसं होतं. दोन-चार दिवस त्यावर निभावलं.

४

मग भिंतीने चूक केली.

त्या दिवशी बिभीषणचा धडा जुळून आला होता. पहिली तार अखेरपर्यंत निर्दोष गेली. तो थांबला आणि परत येणारा आवाज ऐकू लागला, कारण आता ती सवय झाली होती. पहिला, दुसरा, तिसरा आले. चौथ्याला पलीकडचं बोट घसरलं. आवाज तिथेच तुटला. मग शांतता. हात उचलून मांडीवर ठेवायला आणि पुन्हा तारेवर न्यायला लागते तेवढी शांतता. आणि पुन्हा पहिल्यापासून.

घुमलेला आवाज उशिरा येईल, बारीक येईल, पण न केलेली चूक कुठून आणेल? बिभीषण घाबरला, सरळ सांगायचं तर चांगलाच घाबरला. पण त्या भीतीच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट आली आणि ती त्याने कुणाला सांगितली नाही. त्याला बरं वाटलं. त्याच्या भोवतालची सगळी माणसं धडधाकट होती, सगळ्यांना सगळं येत होतं, आणि सगळी त्याला शाबास म्हणत होती. त्याच्यासारखं अडखळणारं, थांबणारं, पुन्हा सुरू करणारं इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी भेटलं होतं.

सर आले तेव्हा त्याने हसतहसत विषय काढला. सरांनी गिटार घेतली आणि एक भजन सुरेख वाजवलं. भिंत गप्प. मग ते म्हणाले, तुम्ही वाजवा. बिभीषण वाजवू लागला आणि सर भिंतीला कान लावून उभे राहिले. धडा संपला. सरांनी कान काढला, खिशातून रुमाल घेतला आणि कान पुसला, ओला झाल्यासारखा.

"उद्यापासून खुर्ची खिडकीशी घ्या."

"काय ऐकलं, सर?"

"काही नाही. पण खुर्ची हलवा."

त्याने हलवली. खिडकीखाली रस्ता. भंगारवाला, स्कूटर, शाळेच्या रिक्षा, कुणाच्या तरी मिक्सरची घरघर. तिथे त्याचा धडा बिघडला. सूर निघायचा आणि रस्त्यावर पडून नाहीसा व्हायचा. आपण सुधारतोय का बिघडतोय, हेच कळेना. बोटांवर पडलेले घट्टे मऊ पडायला लागले. एका दुपारी तो उठला, खुर्ची ओढत भिंतीशी नेली आणि बसला. कुणी त्याला भाग पाडलं नव्हतं. पहिला सूर वाजवायच्या आधी तो थोडा थांबला, आणि पलीकडेही खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

५

त्यानंतर दोघे मिळून शिकले, असंच म्हणावं लागेल. पलीकडचा आता मागे राहायचा नाही. बरोबर चालायचा, एखाद्या दिवशी पुढेही जायचा. बिभीषणची गती वाढली, हात मोकळा झाला. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, कमाल आहे. तिसरा सूर मात्र फाटायचा तो फाटायचाच. पलीकडेही तो फाटायचा. आणि मग एका दुपारी पलीकडचा तिसरा सूर स्वच्छ आला.

बिभीषणला हेवा वाटला. आपण मठ्ठ आणि शेजारचा हुशार, असं शाळेत वाटायचं तसं. त्याने त्या दिवशी गिटार लवकर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो अंघोळ करून बाहेर आला तर सूर चालूच होते. त्याची गिटार पलंगावर पडलेली. पलीकडे शिट्टीचे चार सूर घोटणं चाललं होतं, सरांनी शिकवलेल्या पद्धतीने. आधी चारही. मग तुकडा पाडून नुसते तिसरा-चौथा, तिसरा-चौथा, संथ. मग जोडून चारही. शेवटचा लांबवलेला. बिभीषण ओल्या अंगाने भिंतीशी उभा राहिला.

तारांचा आवाज थांबला. मग एक बारीक आवाज आला जो तारेचा नव्हता. फूऽ. पुन्हा, फूऽ. ओठ मिटून सोडलेला वारा. डाव्या बाजूने निसटणारा. थांबणं. पुन्हा.

तो आवाज त्याला ओळखायला वेळ लागला नाही. न्हाणीत, नळ सोडून, त्यानेच तो काढला होता. पलीकडच्याला नळाची गरज वाटत नव्हती.

पलीकडे कोण, हा प्रश्न त्या क्षणी त्याला पडलाच नाही. कशासाठी, ते कळलं होतं. त्या शिट्टीने जगात एकच माणूस धावत यायचं. आणि ती शिट्टी पलीकडे कुणी शिकवली, तेही त्याला ठाऊक होतं.

संध्याकाळी मोनिका भाजी निवडत असताना त्याने सगळं सांगितलं. जीभ दोनदा अडकली. ती वाद घालत बसली नाही. अशा झटक्यानंतर मन भरकटतं, सांभाळून घ्या, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ती शांतपणे म्हणाली, की सोमवारपासून रिक्षावाल्याला सांगते, दिशाला पतसंस्थेत सोडेल, माझ्याबरोबर घरी येईल. उद्या शनिवार, अर्धी शाळा, तेवढा एक दिवस तुम्ही बघा.

"आन् दिशूला सांगू का?" त्याने विचारलं. "शिट्टी आली तरी थांबू नको म्हणून?"

"अहो, ती एकटी जिना चढते. तिच्या डोक्यात हे घालू नका. माझी शपथ आहे."

शपथ होती म्हणून तो गप्प बसला. पोरीला नुसतं एवढंच म्हणाला, की जिन्यात रेंगाळायचं नाही, सरळ घरात यायचं. ती म्हणाली, रोज तर तसंच येते.

६

शनिवारी त्याने वाजवलं नाही. खुर्ची दारात ठेवायची, दार सताड उघडं ठेवायचं आणि ती गेटातून आत आल्यापासून घरात येईपर्यंत नावाने हाका मारत राहायचं, असं त्याने ठरवलं होतं. पलीकडे सकाळपासून शांत होतं. दुपारी रिक्षेची वेळ व्हायला अवकाश होता म्हणून त्याने दूध तापत ठेवलं. आल्याआल्या तिला दूध लागायचं. जन्म दुधात गेलेल्या माणसाला दूध उतू जाऊ देता येत नाही. तो ओट्याशी उभा राहिला.

त्या दिवशी रिक्षेत निम्मी मुलं नव्हती. रिक्षा लवकर आली.

गेटाशी हॉर्न वाजला. मैत्रिणींना टाटा करणारा दिशाचा आवाज आला. बिभीषणने गॅस बंद केला, काठी घेतली आणि वळला. जिन्यात बुटांचा आवाज. पहिला मजला. त्याने हाक मारली, पण घाईने जीभ अडकली आणि तोंडातून शब्द नव्हे, नुसता हुंकार निघाला. दुसरा मजला.

आणि शिट्टी आली.

ती भिंतीतून आली नाही. बाहेरून, शेजारच्या दारातून आली. चारही सूर स्वच्छ, चौथा लांबवलेला, दिवाळीआधी पार्किंगमधून यायची तश्शी. इतकी हुबेहूब, की एका क्षणापुरतं बिभीषणला वाटलं ती आपणच घातली. त्याचा हात ओठांवर गेला. ओठ जसा होता तसाच उतरलेला होता.

जिन्यातले बूट थांबले. मग धावले.

"पप्पा, शिट्टी आली! तुमची शिट्टी आली!"

काठी पडली. भिंतीला धरत, पाय ओढत तो दाराशी आला. जिन्याच्या चौकात कुणी नव्हतं. शेजारच्या दारासमोर दिशाचे बूट होते, जोडीने लावलेले, मोजे आत खोचलेले. ती नेहमी तसेच लावायची, पण आपल्या दाराशी. कोयंड्याला कुलूप होतं. त्याने ते ओढलं, दार बडवलं. हाताला गंज लागला.

दाराखाली बोटभर फट होती. बिभीषणला खाली बसणं जमत नसे, तो पडलाच. गाल फरशीला लावून त्याने आत बघितलं. पलीकडे खिडकीचा उजेड होता. त्या उजेडात दोन लहान अनवाणी पावलं, टाचा जुळवून उभी. त्यांच्यासमोर दोन मोठी पावलं. डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं. केंद्रावर दुधाचं कॅन पडून बिभीषणचं तेच नख काळं झालं होतं, ते तो रोज बघत होता.

फक्त हा डावा पाय ओढला जात नव्हता. तो फरशीवर ताल धरत होता, संथ, ठोक्यात.

७

आरडाओरडा ऐकून खालची माणसं आली. झुंबरबाई आल्या. कुलूप तोडलं. आत कुणी नव्हतं. खोलीभर धूळ होती आणि एक बिनहाताची खुर्ची, मधल्या भिंतीकडे तोंड केलेली. तिच्या बैठकीवर धूळ नव्हती. पोलीस आले, गेटावरच्या कॅमेऱ्यात दिशा आत येताना दिसली. बाहेर जाताना दिसली नाही. टाक्या उघडून बघितल्या, गच्ची बघितली, रिक्षावाल्याला दिवसभर बसवून ठेवलं. दाराखाली काय दिसलं, हे बिभीषणने सांगितलं तेव्हा फौजदारांनी मोनिकाकडे बघितलं आणि लिहिणं थांबवलं.

मोनिकाने त्याला एकच प्रश्न विचारला. तुम्ही कुठे होतात? तो म्हणाला, दूध उतू चाललं होतं. ते खरंच होतं. त्यानंतर त्या घरात बरेच दिवस कुणी दूध घेतलं नाही.

नातेवाईक म्हणाले, फ्लॅट विका, गावाकडे चला. बिभीषण हलला नाही. सर एकदा येऊन गेले. उंबऱ्यातच उभे राहिले, खुर्ची कुठे आहे ते बघितलं, आणि यावेळी हलवा म्हणाले नाहीत. डोळे पुसत जिना उतरले.

आता दुपारी तो नखं बघतो, पाठ सरळ करतो आणि भिंतीकडे तोंड करून बसतो. पलीकडे नव्याने शिकवणी सुरू झाली आहे. पहिलाच धडा, एका पट्टीवर एक बोट. बोटं लहान आहेत, मऊ आहेत, तारा टोचत असणार. चुकलं की थांबतं. पुन्हा सुरू होतं. मधूनच मोठ्या हाताने तोच तुकडा वाजवून दाखवला जातो, सावकाश, न चुकता. शिकवणारा चांगला आहे, हे बिभीषणला मान्य करावं लागतं. शिकला कुणाकडून, तेही त्याला माहीत आहे.

मोनिकाला काही ऐकू येत नाही. ती तळवे लावून भिंतीशी तासन्‌तास उभी राहिली, तरी नाही. सुरुवातीला तिला त्याचा राग यायचा, गिटार फोडायला निघाली होती. आता पतसंस्थेतून आली की पर्स खांद्यावरून काढायच्या आधी विचारते, आज काही बोलली का.

बिभीषण रोजचा धडा वाजवत नाही. फक्त चार सूर वाजवतो. स्वच्छ वाजले की ती हातातलं टाकून धावत येईल, आजवर ती आली नाही असं कधी झालेलं नाही. बाकी सगळा हात सुधारला आहे. तो ठोका लावतो, श्वास घेतो. पहिला सूर येतो, दुसरा येतो, तिसरं बोट टेकतं. पलीकडचं वाजणं थांबतं. कुणीतरी ऐकत असतं. आणि भिंतीतून, वहीतून मान न काढता म्हटल्यासारखा, मुळीच न घाबरलेला आवाज येतो.

"तिसरा फाटला, पप्पा."

बिभीषण थांबतो. हात मांडीवर ठेवतो. पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागतो.